पाच पावत्या आणि एक तारीख

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमच्या बँकेचे विभागीय व्यवस्थापक साहेब. व्यासपीठावरचे आमचे शाखाप्रमुख. त्यांच्या शेजारी बसलेल्या व्यापारी मंडळाच्या अध्यक्षा ताई. माझे सहकारी, म्हणजे ज्यांनी मला सांभाळलं आणि ज्यांना मी सांभाळून घेतलं ते दोन्ही पक्ष. आमच्या बाजारगल्लीतले दुकानदार बंधू आणि भगिनी. आणि सगळ्यात मागे, बरोबर पंख्याखालची खुर्ची हेरून बसलेले माझे यजमान, आपणा सर्वांना मनापासून नमस्कार.

यजमानांनी निघतानाच बजावलंय, "चौतीस वर्षं लोकांना 'लवकर बोला, मागे रांग आहे' म्हणालीस. आज तुझ्यामागे चहाची रांग आहे, लक्षात ठेव." प्रयत्न करते. पण काउंटरवर बसणाऱ्या बाईला माईक पहिल्यांदाच मिळालाय, तेव्हा थोडं सहन करा.

माझ्याविषयी आत्ता फार चांगलं चांगलं बोलून झालं. शाखाप्रमुखांनी तर मला हरभऱ्याच्या झाडावर असं चढवलं, की खाली उतरायला शिडी मागायची वेळ आली. साहेब, तुम्ही या शाखेत येऊन सात महिने झालेत. त्यातले दोन महिने मी गुडघ्याच्या रजेवर होते. तरीही तुम्ही इतकं बोललात, याबद्दल आभार.

आणि हे मानपत्र. सुंदर लिहिलंय. अक्षर कोणाचं आहे ते मला ठाऊक आहे, कारण पैसे भरायच्या स्लिपा भरताना ते इतकं सुंदर कधीच आलं नाही. यातल्या बहुतेक ओळी मी घरी भिंतीवर लावीन. एक ओळ मात्र मला घेता येत नाही. ती अशी आहे: "बाजारगल्लीतील ग्राहकांना दर आठवड्याला कार्डाचा भरणा करण्याची शिस्त लावून त्यांची पत वाढवण्यात आपला सिंहाचा वाटा आहे."

या ओळीला तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी खाली मान घालून बसले होते. अध्यक्षा ताई माझ्या कानात म्हणाल्या, "किती हो विनयशील." ताई, विनय नव्हता तो. या ओळीमागे एका माणसाचं दुकान गेलंय. दुकान तर गेलंच, पण गेली सहा वर्षं तो माणूस स्वतःच्या घरात मान खाली घालून वावरतोय, आणि ते माझ्यामुळे. आज निरोपाचा दिवस आहे, उद्यापासून माझं कोण ऐकणार? म्हणून आजच बोलते.

गल्लीतल्या मंडळींना तो माणूस ओळखीचा आहे. तुम्ही सगळे त्यांना फ्रेमवालेच म्हणता. फोटोला चौकट करायची, आरशाला काच बसवायची. चपलांच्या दुकानाच्या जागी आधी त्यांचं दुकान होतं, बावीस वर्षं, भाड्याचं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेरूनच बोलायचं, एवढीच जागा. भिंतीवर चौकटींचे कोपरे टांगलेले, नुसते कोपरे, आणि प्रत्येक कोपऱ्यामागे पेन्सिलीने भाव. मी माझ्या सासऱ्यांचा फोटो करायला गेले होते, तेव्हा मला म्हणाले होते, "बाई, माणूस साधा होता ना? मग चौकट साधी घ्या. नाहीतर लोक चौकटच बघतात."

तर हे फ्रेमवाले आठ वर्षांपूर्वी माझ्या दोन नंबरच्या काउंटरवर आले आणि त्यांनी विचारलं, "बाई, माझा क्रेडिट स्कोअर वाढत का नाही? मी एक दिवस उशीर करत नाही, शेवटच्या तारखेला सगळे पैसे भरतो. तरी वर कर्जाचे साहेब म्हणतात, स्कोअर बेताचा आहे."

मी त्यांचं खातं उघडून बघितलं. क्रेडिट कार्डाची मर्यादा चाळीस हजार. काचा आणि लाकडी पट्ट्या मिळून महिन्याला बत्तीस हजारांची खरेदी. दर महिन्याच्या पाच तारखेला बिल निघायचं, त्यावर बत्तीस हजार दिसायचे. स्कोअर ठरवणाऱ्यांना तेवढंच दिसतं. त्यांना वाटतं, या माणसाला चाळीस द्या, हा बत्तीस उचलतोच.

त्याच महिन्यात आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. त्यातला अर्धा दिवस मी जागी होते. तिथे ऐकलेलं मी फ्रेमवाल्यांना सांगितलं, "सगळे एकदम भरू नका. दर शनिवारी थोडे थोडे भरत जा. स्कोअर वाढेल."

आणि वाढला की हो! चार महिन्यांत चाळीस गुणांनी वाढला. त्यांनी मला एक छोटा आरसा आणून दिला, पर्समध्ये मावेल असा. आणि गल्लीभर सांगत सुटले, "दोन नंबरच्या बाईंना विचारा. महिन्यातून चारदा भरा, स्कोअर वाढतो."

मग काय विचारता! शिलाईवाल्या आल्या, बॅटरीवाले आले, किल्ल्या करणारे बापलेक आले. बापाचं म्हणणं चारदा भरायचं, मुलगा म्हणे आठदा भरू, स्कोअर दुप्पट वाढेल. शनिवारी माझ्या काउंटरची रांग दारापर्यंत जायची. शेजारचा तीन नंबर रिकामा, पण लोक म्हणायचे, नको, आम्ही बाईंकडेच भरतो. त्या वर्षी सगळ्यात जास्त काउंटर व्यवहारांचा चषक आपल्या शाखेला मिळाला. अध्यक्ष साहेब, तुमच्याच हस्ते मिळाला. तुम्ही तेव्हा म्हणाला होतात, या बाईंकडे काहीतरी जादू आहे.

जादू कसली? अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते मी.

आता तुम्ही विचाराल, मग महिन्यातून अनेकदा पैसे भरले तर स्कोअर वाढतो की नाही? हा प्रश्न मला या आठ वर्षांत हजार वेळा विचारला गेला आणि मी हजार वेळा मान डोलावली. आज पहिल्यांदा पूर्ण उत्तर देते, नीट ऐका. तुम्ही किती वेळा भरले, हे कोणी मोजत नाही. एक पावती काय आणि दहा काय, त्याचे गुण शून्य. बिल निघतं त्या दिवशी तुमच्या अंगावर किती उरलंय, ते बघितलं जातं. आधी थोडे थोडे भरले असतील तर त्या दिवशी कमी उरलेलं दिसतं, म्हणून स्कोअरला बरं. झाली अर्धी गोष्ट. दुसरी अर्धी याहून मोठी आहे. बिलावर जे काही उरलंय, अगदी शंभर का असेनात, ते बिल निघाल्यानंतर आणि शेवटच्या तारखेच्या आत भरलंच पाहिजे. आधीच्या पावत्या या बिलाच्या कामी येत नाहीत, त्या आधीच वजा झालेल्या असतात.

ही दुसरी अर्धी गोष्ट मला माहीत नव्हती असं नाही. मी बँकेत नोकरी करते, मला माहीत नसून कसं चालेल? मी ती सांगितली नाही, इतकंच. पहिल्या दिवशी राहून गेलं. नंतर सांगितली असती, तर लोक म्हणाले असते, म्हणजे या पावत्यांच्या थप्प्यांचा उपयोग नाही? मग शनिवारची रांग गेली असती. रांग गेली असती म्हणजे चषक गेला असता, आणि खरं सांगू? "बाईंकडेच भरतो" हे ऐकायची मला सवय लागली होती. घरी माझं कोणी इतकं ऐकत नाही. यजमान मान हलवतायत, बघा.

आणि नियमाने दर शनिवारी भरत होते तोवर निभावत होतं. बिलावर राहिलेले आठ-दहा हजार पुढच्या शनिवारीच भरले जायचे. बिल न उघडताच फेडलं जायचं. त्यामुळे फ्रेमवाले बिल बघायचंच विसरून गेले. त्यांना वाटायचं, मोजायच्या त्या पावत्या.

मग त्यांच्या जागेचे मालक जागा विकायला निघाले. बावीस वर्षांचा भाडेकरू म्हणून त्यांनी पहिली संधी फ्रेमवाल्यांना दिली, चार महिन्यांची मुदत दिली. फ्रेमवाल्यांनी आमच्याच बँकेत, वरच्या मजल्यावर, कर्जाचा अर्ज केला. स्कोअर चांगला होता. साहेबांनी सांगितलं, होऊन जाईल, शेवटी मंजुरीच्या वेळी स्कोअर एकदा पुन्हा बघतात, तेवढंच. घरी आनंदीआनंद. तेवढ्यात परगावच्या लेकीचं पहिलं बाळंतपण आलं. दोघं नवराबायको पाच आठवडे तिकडे जायला निघाले.

महिन्याच्या तीन तारखेला, जायच्या दिवशी, फ्रेमवाले माझ्याकडे आले. त्यांच्या कार्डावर त्या दिवशी पंचवीस हजार दिसत होते. त्यांनी काउंटरवर पाच पुडकी मांडली. प्रत्येकात पाच हजार, प्रत्येकाला वेगळं रबर.

मी म्हटलं, "हे काय?"

"पाच आठवडे मी नाही. पाच शनिवार बुडणार. म्हणून पाचही पावत्या आजच करा. एकात एक घालू नका हं, पाच वेगवेगळ्या करा. आपला स्कोअर बुडायला नको."

मागे उभे असलेले हसले. मीही हसले. मी म्हटलं, "तुम्ही म्हणजे अगदीच हुशार आहात." ते म्हणाले, "गुरू कोण? आत्ताच काचाही घेऊन ठेवल्या कार्डावर, आल्या आल्या कामाला लागता येईल."

ऐकलंत ना? त्यांनी मला सांगितलं, की आत्ताच काचा घेतल्या. त्या खरेदीचे पैसे माझ्यासमोरच्या पडद्यावर अजून आले नव्हते. ते दुसऱ्या दिवशी येणार, पाच तारखेच्या बिलावर चढणार, आणि पंचवीस तारखेच्या आत कोणीतरी ते भरायला हवेत, हे सगळं मला त्या क्षणी समजलं. तोंड उघडायला किती वेळ लागला असता? "भाऊ, पाच पावत्यांचा काही उपयोग नाही. पाच तारखेला बिल येईल, ते बघा आणि भरा." एवढंच वाक्य. माझ्या मागच्या भिंतीवरचा चषक मला दिसत नव्हता, पण रांगेला दिसत होता. मी पाच पावत्या केल्या, पाचदा शिक्का मारला, आणि म्हटलं, "पुढचा."

बिल निघालं तीन हजार दोनशे साठचं. लेकीचं बाळ दिवस भरायच्या आत आलं, त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. त्या धावपळीत फ्रेमवाल्यांच्या फोनवर बँकेचा मेसेज आला. त्यांनी तो वाचलासुद्धा. पण त्यांना वाटलं, आपण पाच पावत्या केल्यात, बाईंनी स्वतःच्या हाताने केल्यात, हा जुना मेसेज उशिरा आला असेल. पंचवीस तारीख गेली. पुढच्या महिन्याच्या आठ तारखेला ते परत आले, तोवर "मुदतीत भरणा नाही" अशी नोंद लागून गेली होती. या कार्डावरची काय, त्यांच्या आयुष्यातली पहिली. वर मंजुरीसाठी स्कोअर पुन्हा काढला, तर सत्तर गुणांनी खाली. अर्ज परत आला. सहा महिन्यांनी या म्हणाले. जागेचे मालक सहा महिने कुठून थांबणार? त्यांचीही काही गरज असेल. महिनाअखेरीला जागा गेली.

अर्ज परत आला त्या दिवशी ते माझ्या काउंटरवर आले. हातात त्या पाच पावत्या. मला विचारलं, "बाई, माझं काय चुकलं?"

तेव्हाही वेळ गेली नव्हती, मंडळी. मला वरच्या मजल्यावर जाऊन सांगता आलं असतं, की साहेब, या माणसाने जाण्याआधी पंचवीस हजार भरलेत, त्याला चुकीचा सल्ला दिला गेलाय, आणि तो मी दिलाय. कदाचित ऐकलं असतं, कदाचित नसतं. मी जिन्यापर्यंत गेलेही होते. मग मनात आलं, हे सांगायचं तर आठवड्याच्या पावत्यांचं सगळंच सांगावं लागेल. मी परत फिरले. आणि त्यांना उत्तर दिलं, "भाऊ, तुम्ही एक तारीख विसरलात."

शब्दाला शब्द लावून पाहिलं तर खोटं नव्हतं ते. म्हणून तर इतकी वर्षं मला त्याआड लपता आलं.

ते "हो, विसरलो खरा" म्हणाले आणि गेले. आता दूरच्या चौकात दुसऱ्याच्या काचेच्या दुकानात रोजावर काम करतात. आणि तुम्ही मंडळी आजही शनिवारी रांग लावता. त्यातल्या कितीजणांनी या महिन्याचं बिल उघडून बघितलंय? हात वर करायला सांगत नाही, मलाच लाज वाटेल.

खाई त्याला खवखवे म्हणतात. सहा वर्षं मी तो चौक टाळून घरी जात होते. पण गेल्या मंगळवारी काय झालं, आमच्या शाखेतल्या मुलांनी या मानपत्राची चौकट नेमकी त्याच दुकानात करायला दिली. आणि ती पोचवायला फ्रेमवाले स्वतः आले. त्यांनी मजकूर वाचलेला होता. मला म्हणाले, "बरोबर लिहिलंय, बाई. मीच सगळ्यांना पहिल्यांदा सांगितलं होतं तुमच्याबद्दल." असं म्हणून काच पुसायला लागले.

मग माझ्याने राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच.

ते पुसत राहिले. मग विचारलं, "म्हणजे पाच पावत्यांचं काहीच नव्हतं?"

"नाही."

"आणि काचांचे पैसे मागाहून येणार, हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

"होतं."

मला वाटलं, ते आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "बाई, दुकान गेलं त्याचं मी काय ते बघून घेतलं. पण घरात सहा वर्षं एकच चाललंय. भाजी आणायला विसरलो तरी तेच, लाइटबिल राहिलं तरी तेच. 'एक तारीख लक्षात राहिली नाही तुमच्या.' हिचंही खरं आहे, हिने त्या जागेसाठी आपल्या बांगड्या काढून ठेवल्या होत्या. मुलगी फोनवर बोलायची थांबते, तिला वाटतं, तिच्या बाळंतपणामुळे झालं. मीसुद्धा स्वतःला विसरभोळा समजायला लागलो. आता खिशात कागद ठेवतो, रोजच्या तारखा लिहून."

मी हात जोडले. म्हटलं, "मला माफ करा."

ते म्हणाले, "ते मला आत्ता जमणार नाही. आणि मला एकट्याला सांगून काय उपयोग? मी घरी जाऊन सांगितलं, तर ही म्हणेल, आता दुसऱ्याच्या माथी मारताय." आणि चौकट टेबलावर ठेवून, पावतीवर माझी सही घेऊन गेले.

तर मंडळी, हे त्या ओळीचं कारण. शाखाप्रमुख साहेब, मानपत्र मी घेते, पण ती ओळ तेवढी खोडून द्या. आणि उद्यापासून दोन नंबरवर जी मुलगी बसणार आहे, तिला मी सगळं सांगून ठेवलंय. ती आधी बिल मागेल, मग पैसे घेईल. रांग कमी होईल, चषक मिळणार नाही, चालवून घ्या.

आता रिवाजाप्रमाणे आभार. अध्यक्ष साहेबांचे आभार, ते एवढ्या दुरून आले आणि असं काही ऐकावं लागेल हे माहीत नसताना शेवटपर्यंत बसले. सहकाऱ्यांचे आभार, त्यांनी माझ्या गुडघ्यांना कधी जिना चढू दिला नाही. गल्लीतल्या मंडळींचे आभार, तुम्ही माझ्यावर विश्वास टाकलात. तो जरा कमी टाकला असतात तर तुमचंच भलं झालं असतं. यजमानांचे आभार, ते अजून जागे आहेत. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर पोटात घाला.

पण एक माफी अशी सगळ्या सभागृहाकडे मिळून मागता येत नाही. फ्रेमवाले आज आलेले नाहीत, ते कामावर आहेत. वहिनी आल्यात. शिलाईवाल्या ताईंच्या पलीकडे बसल्यात, मला दिसतायत. मगाशी मानपत्राच्या त्या ओळीला त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

वहिनी, ते तारीख विसरले नव्हते. पावत्या केल्या तरी ती तारीख उरतेच, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं, आणि मला ते माहीत होतं. आज घरी गेलात की एवढं त्यांना तुमच्या तोंडून ऐकू द्या.

नमस्कार.